पार्वताबाईंचा अर्धा तास

पार्वताबाई बैसाणे यांना गप्प बसवणं आजवर कुणालाही जमलं नव्हतं. भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली, तिथल्या साहेबांना ते साधलं नाही. नवरा युवराज हयात होता तोवर त्याने तर प्रयत्नच केला नाही. पेपर उघडून तो हुं हुं करत राहायचा. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी मृणाली म्हणायची, "आईचा फोन आला की मी तो ओट्यावर ठेवते आणि पोळ्या लाटायला घेते. पोळ्या संपतात, आई संपत नाही."

आणि आता जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर चौधरीबाई त्यांना समोर बसवून सांगत होत्या, "अर्धा तास बोलायचं नाही. एक शब्दही नाही. फक्त श्वास घ्यायचा आणि सोडायचा."

"आणि नाहीच राहवलं तर?"

"तर औषध तुमच्या फुप्फुसात जायच्या ऐवजी खोलीभर होईल. मग माझ्या सिस्टर तुमच्यावर ओरडतील."

पार्वताबाई हसल्या. हसताना खोकला आला.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या मांडीत गाठ आली होती. लहानपणी कबड्डीत त्या मांडीवर इतक्या वेळा आपटल्या होत्या, की जुना मारच वर आला असेल म्हणून त्यांनी बरेच दिवस शेक घेतला. निघाला स्नायूतला कॅन्सर. मुंबईला ऑपरेशन झालं, पाय वाचला, पण चाल लंगडी झाली. मग सलाइनमधून केमो. केस गेले, तोंडात फोड आले, पाणीसुद्धा गिळवेना. ते सगळं संपलं, केस परत आले, ते कुरळे. त्या कुरळ्या केसांची त्या भेटेल त्याला ओळख करून देऊ लागल्या. आणि मग एका नेहमीच्या तपासणीत दोन्ही फुप्फुसांत पांढरे ठिपके दिसले. एकदोन असते तर कापून काढले असते. हे बरेच होते आणि विखुरलेले होते.

"पुन्हा सलाइन?" त्यांनी विचारलं होतं.

"तो एक मार्ग आहेच," चौधरीबाई म्हणाल्या होत्या. "दुसरं म्हणजे आमच्याकडे एक चाचणी चालू आहे. शिरेतून दिलेलं औषध सगळ्या अंगभर फिरतं. तुमचं दुखणं बसलंय फुप्फुसात. तेच औषध धुक्यासारखं बारीक करून श्वासावाटे दिलं, तर जिथे हवं तिथे जास्त पोचेल आणि बाकी शरीराला त्रास कमी होईल, असा आमचा अंदाज आहे. अंदाज म्हणतेय मी, खात्री देत नाही. खात्री असती तर चाचणी कशाला केली असती?"

बाई सरळ बोलली, हे पार्वताबाईंना आवडलं. त्यांनी होकार दिला.

औषध द्यायची जागा म्हणजे एक काचेची खोली. जुन्या एसटीडी बूथपेक्षा थोडी मोठी, आत एक खुर्ची आणि वर हवा खेचून घेणारा पंखा. औषध जहाल, त्याचा कणही बाहेर जायला नको, म्हणून दार घट्ट बंद. पार्वताबाईंच्या नाकाला चिमटा लावायचे, तोंडात नळी द्यायचे, आणि मशीन घरघरू लागलं की नळीतून गार, कडवट धुकं घशात उतरायचं. बाहेर सिस्टर बसायच्या. आतलं-बाहेरचं ऐकू यावं म्हणून एक माइक आणि छोटा स्पीकर होता. दर तीन आठवड्यांनी असे सलग काही दिवस.

पहिल्या खेपेला मृणाली रजा काढून आली. दुसऱ्या खेपेला तिला रजा मिळेना, आणि बरोबर घरचं माणूस असल्याशिवाय दवाखाना औषध देईना. पार्वताबाई फोनवर हे सगळं यशोदाला सांगत होत्या. उपाय विचारायला नव्हे, नुसतंच सांगायला. यशोदा पाटील ही त्यांची नरडाण्याकडच्या गावातली बालमैत्रीण. एका शाळेत, एका संघात खेळलेली, लग्न करून जवळच्याच गावात शेतीत रमलेली. पार्वताबाई बोलायच्या आणि यशोदा ऐकायची, हा रिवाज शाळेपासूनचा. त्या दिवशी मात्र मध्येच यशोदा म्हणाली, "मी येस."

"काय?"

"मी येस, पारे. काही काळजी करू नको."

नरडाण्याहून गाडी सरळ जळगावला येते. यशोदा हातात एक पिशवी आणि डोक्यावर पदर घेऊन उतरली. फलाटावर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये बरीच वर्षं लग्नकार्यातल्या उभ्या उभ्या भेटी सोडून काही नव्हतं. यशोदाने मैत्रिणीच्या केसांना हात लावून पाहिला.

"कुरळा कसा व्हयनात?"

"औषधाने," पार्वताबाई अभिमानाने म्हणाल्या, आणि रिक्षात बसेपर्यंत बोलायच्या थांबल्या नाहीत.

त्या दिवशी काचेच्या खोलीत सुरुवातीलाच घात झाला. धुकं घशात गेलं, खोकल्याची उबळ आली, पार्वताबाईंनी नळी ओढून काढली. मशीन बंद करावं लागलं. दुसऱ्यांदा तेच. सिस्टर काचेबाहेरून म्हणाल्या, "बाई, तुम्ही औषधाकडे लक्ष देताय, म्हणून खोकला येतो. लक्ष दुसरीकडे न्या." मग त्या यशोदाकडे वळल्या. "मावशी, या इथे माइकपाशी बसा. बोला त्यांच्याशी. काहीही बोला, पण सावकाश."

यशोदाने माइककडे असं पाहिलं, जसा काही तो चावणारच आहे. "मी काय बोलू, माय?"

"जुनं काहीतरी सांगा."

यशोदाने पदर नीट केला, घसा साफ केला. स्पीकरमधून तिचा आवाज आत आला तो लहान आणि परका वाटला. "तुले याद शे का, पारे, भुसावळनी मॅच?"

याद? पार्वताबाईंनी ही मॅच ऑफिसात, लग्नांत, गाडीच्या डब्यांत इतक्यांदा सांगितली होती, की ऐकणारे पुढचं वाक्य आधीच म्हणायचे. रेल्वेचं मुरमाड मैदान. शेवटचं मिनिट. एक गुण कमी. पार्वता चढाईला गेली, तिघींनी तिचे पाय धरले, आणि मुरमावर कोपरं सोलत, 'कबड्डी कबड्डी' म्हणत तिने मधली रेषा बोटाने गाठली. इथे गोष्ट संपायची आणि टाळ्या.

यशोदाने सुरुवात मात्र गाडीपासून केली. पहाटेची पॅसेंजर, पीटीचे झुलाल सर सगळ्या मुलींचे डबे मोजताहेत, खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यांत जाताहेत. "त्या नाशिकन्या पोरी व्हत्यात," ती म्हणाली, आणि काचेआड पार्वताबाईंचा हात जोरजोराने हलू लागला. नाशिकच्या नव्हत्या त्या, मनमाडच्या होत्या!

"बरं, मनमाडन्या. हात नको हालाडू, दम ले."

सिस्टर हसल्या. मशीन घरघरत राहिलं. पार्वताबाई श्वास घेत राहिल्या.

"आणि मन्हा पितळना तांब्या," यशोदा म्हणाली.

तो तांब्या पार्वताबाईंना चांगला आठवत होता. यशोदाच्या आजीने तो तिच्याबरोबर दिला होता आणि यशोदा तो गाडीत विसरली होती. 'इतकं कसं गं तुझं ध्यान नसतं' म्हणून पार्वताबाईंनी तिला स्टेशनभर झापलं होतं. मग दिवसभर दोघी पार्वताच्या ॲल्युमिनियमच्या बाटलीतून पाणी प्यायल्या.

"आजीनी सांगेल व्हतं, झिपरूनी पोरनं पाणी पिवानं नही, ईटाळ व्हस. तुन्हं वायलं ठेव." यशोदा खाली माइककडे बघत होती. "मी तो तांब्या सीटखाले सरकाई दिना. इसरनू नव्हतू मी."

पार्वताबाईंचा श्वास क्षणभर अडला. पण खोकला आला नाही. त्या काचेतून बघत राहिल्या. पलीकडे साठीची, उन्हाने काळवंडलेली बाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती, आणि तिच्यात त्यांना परकर खोचलेली, डाव्या कोपऱ्यात वाकून उभी असलेली पोरगी लख्ख दिसली. ती कोपरा सांभाळायची. चढाई करणारीचा पाय तिच्या हातात एकदा आला की सुटायचा नाही. टाळ्या मात्र नेहमी चढाईला मिळायच्या.

संध्याकाळी भुसावळच्या घरी पार्वताबाई म्हणाल्या, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू मारामारी करती आजीसंगे," यशोदा म्हणाली, आणि भाजी निवडू लागली.

त्या खेपेचे दिवस असेच गेले. यशोदा रोज थोडं सांगायची. शाळेमागचं खळं, जिथे सरावाआधी पाणी शिंपडून धूळ बसवायची. कबड्डीची चड्डी घालायला लाजणाऱ्या मुली आणि त्यांना घरून परवानगी मिळावी म्हणून दारोदार हिंडणारे झुलाल सर. धुळ्याला जिल्ह्याची मॅच जिंकल्यावर सगळ्यांनी मिळून खाल्लेली एकच प्लेट मिसळ. पार्वताबाईंना वाटायचं, हे सगळं आपण जगलो खरं, पण इतकं काही आपण पाहिलं नव्हतं. आपण खेळत होतो, आणि ही बघत होती.

तिसऱ्या खेपेच्या आधी फुंकर मारायची तपासणी झाली, तिचा आकडा घसरला. जिना चढताना पार्वताबाईंना धाप लागू लागली होती. चौधरीबाईंनी औषध थांबवलं. "फुप्फुसांना थोडी विश्रांती देऊ. मग मात्रा कमी करून, आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप देऊन बघू. पण हे तुम्ही ठरवायचं. नको वाटलं तर चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं."

घरी आल्यावर पार्वताबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "बास झालं. नको मला." एरवी एवढ्या वाक्याला त्यांनी पाऊण तास जोडला असता. तेवढंच बोलून त्या भिंतीकडे वळल्या. मृणालीने फोनवर विनवण्या केल्या, रडली, रागावली. या खेपेसाठी पुन्हा आलेल्या यशोदाने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, ताट समोर ठेवलं आणि शेजारी बसली.

दोन दिवस असे गेले. घरात घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाईंना राहवेना.

"यशे, तू भुसावळच्या मॅचपुढचं काही सांगितलं नाहीस. रेल्वेच्या निवडीचं."

"नही सांगं."

"सांग की मग आता."

"घर नही. तठे सांगसू. तू गप बसस तव्हय."

"म्हणजे काय? मी इथे गप्प बसते."

यशोदा तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला उठून पाणी प्यावं लागलं. पार्वताबाई आधी रुसल्या, मग त्याही हसल्या, खोकल्या आणि पुन्हा हसल्या. त्या दुपारी त्यांनी स्वतः चौधरीबाईंना फोन लावला.

रेल्वेच्या निवडीची गोष्ट ही पार्वताबाईंच्या आयुष्यातली एक जुनी सल होती. भुसावळची मॅच पाहिलेल्या रेल्वेच्या साहेबांनी दोघींना निवडीसाठी बोलावलं होतं. पार्वता ठरल्या दिवशी गावच्या फाट्यावर उभी राहिली. यशोदा आली नाही. गाडी चुकेल म्हणून पार्वता एकटी गेली, निवडली गेली, तिला नोकरी लागली, आयुष्य उभं राहिलं. महिनाभरात यशोदाचं लग्न झालं. बापाने पोरीला घरात डांबलं आणि उजवून टाकलं, हे पार्वताबाईंनी लग्नाचं कळलं त्याच दिवशी ओळखलं. यशोदाचे वडील चुडामण नाना समोर आले तरी त्या दिवसापासून त्यांनी त्यांना कधी नमस्कार केला नाही. यशोदाच्या लग्नात त्या नानांकडे पाठ करून जेवल्या. पुढे पगार हातात आला, संघाबरोबर गावोगाव हिंडणं झालं, प्रत्येक वेळी त्यांच्या मनात यायचं, ही दुसरी जागा यशीची होती. आनंदात तेवढा एक खडा राहूनच गेला.

पंप घेऊन, कमी मात्रेचं औषध सुरू झालं. पार्वताबाई काचेआड. नाकाला चिमटा, तोंडात नळी. यशोदा आता माइकपाशी सरावाने बसली.

"मन्हा बापनी नही म्हणेल नव्हतं, पारे," ती म्हणाली.

पार्वताबाईंच्या भुवया वर गेल्या.

"तो ते पिशवी भरीसन दारमा उभा व्हता. 'चाल, तुले फाटापावत सोडस' म्हणे. मीच नही उनू. माले लगीन करानं व्हतं." तिने इकडेतिकडे पाहिलं. सिस्टर फाइलमध्ये डोकं घालून ऐकत होत्या. यशोदाने आवाज खाली आणला, तरी स्पीकरने तो आत जसाच्या तसा पोचवला. "हाऊ माणूस माले आवडी जायेल व्हता."

हाऊ माणूस म्हणजे निंबा. यशोदाचा नवरा. सरावाच्या वेळी खळ्यावर पाणी शिंपडायला बादल्या आणून देणारा शेजारच्या गावचा उंच, मुखदुर्बळ पोरगा. कबड्डीची फार आवड असल्यामुळे तो येतो, असं पार्वताबाई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

त्यांनी दोन्ही हात वर केले. मग एक हात छातीवर ठेवला, मग यशोदाकडे बोट केलं, मग हवेत काहीतरी फेकलं. त्याचा अर्थ सरळ होता: मग मला का नाही सांगितलंस, मी आयुष्यभर तुझ्यासाठी जीव जाळला त्याचं काय?

"तू ईचारंच कव्हय?" यशोदा शांतपणे म्हणाली. "तूच बठ्ठास्ले सांगत फिरनी, बापनी डांबी ठेवं म्हणून. मी तोंड उघाडू तवपावत तू दुसऱ्या गावले."

सिस्टर फाइलआडून हसत होत्या. पार्वताबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नळी तोंडातच होती. हसायचं नाही, रडायचं नाही, खोकायचं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश, खोल श्वास घेतला. मग दुसरा.

"नाना अजून तुन्हं ईचारतस," यशोदा म्हणाली. "मन्ही दुसरी पोर कशी शे, म्हणतस. त्यास्ले वाटस, तू मोठी साहेब व्हयनी, म्हणून बोलस नही."

मशीन बंद झालं, दार उघडलं, चिमटा निघाला. बोलायला मोकळीक मिळाली. तरी जळगाव ते भुसावळ पार्वताबाई नुसत्या खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत आल्या.

उन्हाळा सरता सरता स्कॅन झाला. चौधरीबाईंनी जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. काही ठिपके लहान झाले होते, बाकीचे होते तेवढेच होते. नवीन एकही नव्हता.

"म्हणजे बरी झाले?"

"नाही. म्हणजे ते वाढायचे थांबलेत. किती दिवस थांबतील ते मी सांगू शकत नाही. श्वासाची तपासणीही सावरलीय. आपण औषध चालू ठेवू. मला आज आनंद झालाय, एवढं मात्र सांगते."

पार्वताबाईंनी मान डोलावली. अंदाज म्हणणारी बाई आनंद म्हणत होती, त्यांना तेवढं पुष्कळ झालं. बाहेर येऊन त्यांनी मृणालीला फोन केला. मग यशोदाला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला वेळ आहे अजून. मला गावाला ने."

नरडाण्याला निंबा बैलगाडी घेऊन उभा होता. केस पिकले होते, उंची थोडी वाकली होती. "उनात का अक्का? बसा," एवढंच तो म्हणाला. पार्वताबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. त्याच्यात इतकं काय होतं हे त्यांना अजूनही उमगलं नाही, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

गाडी यशोदाच्या माहेराकडे वळली. चुडामण नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. नव्वदीच्या घरातलं वय, डोळ्यांवर पडदा आलेला, पण बसणं ताठ. पार्वताबाई लंगडत पायऱ्या चढल्या, दम घ्यायला थांबल्या आणि मग त्यांच्या पायांशी वाकल्या.

"कोन शे?"

"मी पारी, नाना. झिपरूची पार्वता."

म्हाताऱ्याने हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला. कुरळ्या केसांपाशी हात थांबला, जरा घोटाळला.

"वर्षं लावलीस येवाले," ते म्हणाले. "खेळस का आजून?"

"नाही नाना. पाय अधू झाला. आणि दमही राहिला नाही पहिल्यासारखा. छातीत दुखणं आहे, औषध चालू आहे."

"गुण शे का औषधले?"

"थोडा आहे."

"मंग चालू ठेव," नाना म्हणाले, आणि खाटेवर सरकून त्यांनी जागा करून दिली. "बस. यशे, चहा ठेव. पारीले गोड लागस."

पार्वताबाई बसल्या. त्यांना आता गोड चालत नव्हतं, साखर वाढली होती. त्यांनी ते सांगितलं नाही. आतून कप-बशीचा आवाज आला, निंबा अंगणात गाडीचे बैल सोडत होता, आणि नाना त्यांच्या हातावर हात ठेवून विचारत होते, रेल्वेत साहेब झाल्यावर गाडीला फुकट बसायला मिळतं, ते खरं आहे का.